डाव्या खिशाच्या वर

अर्जात कारणांसाठी तीन ओळी होत्या.
तिन्ही मी भरल्या, कमिटीची चिटणीस म्हणून,
आणि चौथी समासात आडवी लिहिली:
"याच्या ट्रकमध्ये मोज्यांचा एक जादा जोड
नेहमी असतो, लहान मापाचा."

जिल्हा कचेरीने ती ओळ खोडली असणार.
प्रशस्तिपत्रात आलं ते एवढंच:
तोइवो राउतिओ, स्काउटमास्तर,
एकतीस वर्षं, निष्ठापूर्वक.

ज्याचा अर्ज, त्याला कळू द्यायचं नाही,
नियमच आहे तसा.
म्हणून हिल्याला मी दुकानात गाठलं, लोण्याच्या कपाटापाशी:
कुठल्या साली लागला गं तो या नादाला?
"ज्या हिवाळ्यात बर्फाने शाळेचं छप्पर बसलं.
आमच्या मुलाला सोडायला गेला होता.
मुलाने दोन महिन्यांत सोडलं.
हा राहिला."

फेब्रुवारी. चर्चचं तळघर. बाहेर उणे बावीस,
आणि लेक सुपीरियरवरून येणारा तो वारा,
ज्याला आमच्याकडे कुणी नावही ठेवत नाही.
टेबलावर बटाट्यांचे ट्रे, मॅकरोनीचे ट्रे, पुन्हा बटाट्यांचे.
नाव पुकारलं तेव्हा तो खुर्च्या मांडत होता.
मागे वळून पाहिलं त्याने,
दुसरा कोणी राउतिओ आला आहे का.

हातात पडली ती कापडाची पट्टी,
आगपेटीहून लहान.
तिच्यावर रेशमात भरलेली एक गाठ,
दोन दोर, एकमेकांच्या गळ्यात.
टाळ्या झाल्या. कॉफी झाली.
खुर्च्या त्यानेच आवरल्या.

मार्चभर शर्ट तसाच.
डाव्या खिशाच्या वर कोरी खाकी जागा.
कुणी म्हणालं, विनय.
कुणी म्हणालं, माज.
माझ्या मनात ती समासातली ओळ सलत राहिली:
पोचली तर नसेल त्याच्यापर्यंत?
मोज्यांची गोष्ट कुणाला सांगायची नव्हती का त्याला?

खरं कारण अर्जात नव्हतं,
कारण आम्हा कुणाला ते दिसलंच नव्हतं.
हिल्याची नजर अधू झालेली,
आणि त्याची बोटं,
ज्यांनी तीनशे पोरांना
निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक शिकवला,
त्यांना आता सुईत दोरा ओवता येईना.

दिसलं ते एल्डन पेल्कीला.
वय अकरा. शब्दांच्या बाबतीत कंजूस.
पहिल्याच कँपला ओढ्यात पाय घातलेला.
"शर्ट काढा," म्हणाला.

हीटरपाशी बनियनवर बसला स्काउटमास्तर,
छातीवरचे पांढरे केस, गुडघ्यांवर हात,
दवाखान्यात बसावं तसा.
पोराचा एक टाका लांब, एक आखूड,
एकदा बोटात सुई,
एकदा तर खिशाचं तोंडच शिवून टाकलं, मग उसवलं.
शेवटी दोऱ्याला गाठ मारून दाताने तोडला.

"कुठली मारलीस?"
"निरगाठ."
"सुरगाठ चालली असती.
उद्या शर्ट दुसऱ्या कुणाला लागला तर
पट्टी काढायला सोपी."
पोरगं सुई डबीत ठेवत राहिलं.
मग म्हणालं,
"म्हणूनच निरगाठ."

नियमावलीत आहे: पट्टी खिशाच्या कडेला समांतर असावी.
मे महिन्यात जिल्ह्याचे तपासनीस आले,
इस्त्रीचा गणवेश, छातीवर असल्या गाठींच्या तीन रांगा,
सगळ्या ओळंब्यात.
बराच वेळ त्याच्या खिशाकडे पाहत राहिले.
मी वहीत उगाच काहीतरी लिहू लागले.

"तिरकी आहे जराशी," ते म्हणाले.

"हो," राउतिओ म्हणाला,
आणि खुर्च्या मांडायला गेला.